आपलें दफ्तर आणि आपले पेटारे
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस आज्ञा केली कीं, आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर चार शब्द बोलावे. आज्ञा शिरसावंद्य आहे. परंतु इतिहास सांगणाऱ्याजवळ प्रथम इतिहास असावा लागतो. देऊळ केव्हां बांधलें, घंटा कोणीं दिली, कोणते विगार केव्हां आले व केव्हां गेले, ही माहिती याच स्मरणिकेच्या दुसऱ्या पानांवर छापलेली आहे. ती पुन्हा वाचून दाखविण्यांत अर्थ नाहीं. म्हणून इतिहास सांगण्याऐवजीं तो आज कोठें पडून आहे, कोणत्या अवस्थेंत आहे आणि कोणाच्या हातीं आहे, एवढेंच सांगण्याची परवानगी आम्ही आपणांपाशीं मागतों.

पवित्र शास्त्रांतील एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय फार थोडे लोक आवडीनें वाचतात, कारण तो म्हणजे निव्वळ नांवांची यादी आहे. बाबेलच्या बंदिवासांतून जे परत आले त्यांचीं कुळें, त्यांची संख्या, इतकेंच नव्हे तर त्यांचे घोडे, खेंचरें, उंट आणि गाढवें हीं देखील तेथें मोजलेलीं आहेत. त्या यादीच्या शेवटीं शेवटीं मनाला चटका लावणारी एक नोंद आहे. कांहीं याजककुळांनीं आपल्या वंशावळीचा लेख शोधला, पण तो सांपडेना. आणि सांपडेना म्हणून त्यांस याजकपणापासून दूर ठेवण्यांत आलें. तीं माणसें खोटीं होतीं असें शास्त्र म्हणत नाहीं. कदाचित् तीं खरींच असतील. त्यांचा कागद मात्र वाटेंत कोठें तरी गहाळ झाला होता.

आपल्यासारख्या लहान समाजाची गत याहून फारशी निराळी नाहीं. राजांचा व सेनापतींचा इतिहास लिहिण्यास पुष्कळ हात पुढें येतात. वाडींत पानवेल लावणाऱ्याचा, रहाट हांकणाऱ्याचा, होडी घेऊन समुद्रांत जाणाऱ्याचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. आणि लिहिलाच तर तो लिहिणाऱ्याच्या कामापुरता लिहितो. वसईचेंच उदाहरण घ्या. १५३४ सालीं गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें तहानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर वीस वर्षांनीं, १५५४ सालीं, सिमांव बोतेल्यु नांवाच्या अधिकाऱ्यानें पोर्तुगीज राज्याच्या उत्पन्नाची जी मोठी वही तयार केली, तींत वसई प्रांताचे गांव आणि त्यांचा वसूल लिहिलेला आहे. भात किती, पैसा किती, हें तींत सांपडतें. तें भात पिकविणाऱ्या कुळाच्या घरीं कोणाचें बारसें झालें हें सांपडत नाहीं. वसुलीच्या वहीनें तें कां लिहावें?

पुढें १७३७ पासून १७३९ पर्यंत चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखालीं मराठ्यांची मोहीम झाली आणि १७३९ च्या मे महिन्यांत वसईचा किल्ला पडला. या मोहिमेंतील मोर्चे, रसद, दारूगोळा यांविषयींचीं पत्रें पेशव्यांच्या दफ्तरांत रुमालांत बांधून ठेविलेलीं होतीं. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० नंतर त्या दफ्तरांतील निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. त्यांतील सोळावा भाग वसईच्या मोहिमेचा आहे. तो वाचतांना आम्हांस त्या कारकुनांविषयीं मोठा आदर वाटतो. धामधुमींत लिहिलेली चिठ्ठी त्यांनीं फेंकून दिली नाहीं, म्हणून दोनशें वर्षांनंतर ती छापतां आली. परंतु त्याच मे महिन्यांत किल्ल्याबाहेरच्या वाड्यांत राहणारे आपले पूर्वज कोणत्या चिंतेंत होते, हें सांगणारें पत्र त्या दफ्तरांत असण्याचें कारणच नव्हतें. जिंकणाऱ्यानें आपले कागद जपले, हरलेल्यानें जितके हातीं लागले तितके बरोबर नेले. मधला जो शेतकरी व कोळी, तो जेथल्या तेथें राहिला, आणि त्याच्या नांवें कागदच नव्हता.

याच प्रसंगीं वसई प्रांतांतील देवळांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या मंदिरांत जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७२१ हा आंकडा आहे. वाईजवळ मेणवली येथें कृष्णेच्या घाटावर जी आहे, तिच्यावर १७०७ हा आंकडा असून पवित्र मातेची बालकासह आकृतिहि आहे. आपल्यांतील कांहीं तरुण या घंटांचा विषय निघाला कीं तावातावानें बोलतात. आमचें मत निराळें आहे. ज्यांच्या हातीं त्या गेल्या त्यांनीं त्या वितळविल्या नाहींत, आदरानें टांगल्या आणि आजपर्यंत संभाळल्या. आंकडा व आकृति कोरलेली होती म्हणूनच त्या आज आपली ओळख सांगूं शकतात. आपल्या स्वतःच्या घरांतील किती वस्तु अशी ओळख सांगूं शकतील, हा प्रश्न आम्हांस जास्त टोंचतो.

आतां आपल्या देवळाच्या दफ्तराकडे वळूं. प्रत्येक धर्मग्रामांत स्नानसंस्काराचें, लग्नांचें व मरणांचें पुस्तक असतें हें आपणांस ठाऊक आहे. कारण मुलाची शाळा, पासपोर्ट किंवा लग्न निघालें कीं आपण दाखल्यासाठीं आमच्या दारीं येतां. तीं पुस्तकें कोठून आलीं? ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं ठरविलें कीं, विगारानें लग्नांची वही ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मपिता-धर्ममाता यांचीं नांवें लिहून घ्यावीं. १६१४ सालीं पोप पांचवे पौल यांनीं प्रसिद्ध केलेल्या विधिग्रंथांत पांच पुस्तकें सांगितलीं: स्नानसंस्कार, दृढीकरण, लग्न, मरण, आणि पांचवें घरोघरच्या माणसांच्या आत्मिक स्थितीचें. या पांचव्या पुस्तकांत घरवार कुटुंब लिहिलें जाई आणि पास्काच्या काळांत कोणीं पापनिवेदन केलें, कोणीं ख्रिस्तशरीर स्वीकारलें, हें मांडलें जाई. चोरून होणारीं लग्नें बंद व्हावीं, नात्यांतलीं लग्नें टळावीं, एवढाच या सर्वाचा उद्देश होता. इतिहासासाठीं म्हणून हीं पुस्तकें कोणीं लिहिलींच नाहींत. आणि म्हणूनच तीं इतकीं विश्वासू आहेत. इतिहासासाठीं लिहूं लागला कीं मनुष्य थोडासा नटतो.

जुनी नोंद पोर्तुगीज भाषेंत असते आणि तिचा सांचा ठरलेला असतो. अमुक महिन्याच्या अमुक दिवशीं, या देवळाचा विगार मी अमुक, यानें अमुक व अमुक यांच्या औरस पुत्रास विधिपूर्वक बाप्तिस्मा दिला व पवित्र तेलें लाविलीं. धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक. आणि हें खरें म्हणून सही केली. दहापांच नोंदी कोणाकडून समजावून घेतल्या कीं पुढच्या वाचतां येतात. भाषा येण्याची गरज पडत नाहीं. अडचण येते ती संक्षेपांची. रॉड्रिग्ज हें आडनांव 'रोइझ' एवढेंच लिहिलेलें असतें. फर्नांडिसचीं तीनच अक्षरें उरतात. महिन्यांची गंमत तर पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर लिहावयाचा तर साताचा आंकडा घालून पुढें 'ब्रो' हीं अक्षरें लिहीत, ऑक्टोबरास आठ, नोव्हेंबरास नऊ, डिसेंबरास दहा. कारण लॅटिन भाषेंत या नांवांचा मूळ अर्थ सातवा, आठवा, नववा, दहावा असा आहे. हें ठाऊक नसलेला मनुष्य साताचा आंकडा पाहून जुलै समजतो, आणि पणजोबांचा जन्म दोन महिने अलीकडे ओढतो.

नांवांचेंहि तसेंच. घरांत ज्यास बस्त्याव म्हणून हांक मारली तो पुस्तकांत सेबस्तियांव आहे. इनास हा इनासियु, पास्कू हा पास्कोआल, जुजे हा जोझे. गांवांत आडनांवें पांचसात, आणि नांवेंहि तींच तीं फिरून फिरून; आजोबांचें नांव नातवास. एकाच दशकांत एकाच नांवाचे, एकाच आडनांवाचे चार पुरुष निघाले तर त्यांतला आपला कोणता? येथें धर्मपिता-धर्ममाता यांचीं नांवें कामास येतात, आईचें नांव कामास येतें. आणि सर्वांत अधिक कामास येतें तें घराचें जुनें नांव. विहिरीवरचे, पिंपळाखालचे, मधल्या आळींतले अशीं जीं नांवें आपल्या आजीच्या तोंडीं असतात, तीं पुस्तकांत नाहींत. २००९ सालीं महानगरपालिका झाली, रस्त्यांस नवीन पाट्या लागल्या, घरांस आंकडे पडले. आणि तीं जुनीं नांवें आतां साठीच्या पुढच्या माणसांच्या स्मरणांतच काय तीं राहिलीं आहेत. पुस्तक आजीवांचून मुकें आहे आणि आजी पुस्तकावांचून अधुरी आहे. पुस्तक आम्ही कुलुपांत ठेवूं शकतों. आजीस ठेवूं शकत नाहीं.

समासांतल्या बारीक अक्षरांकडेहि आपलें लक्ष वेधावेंसें वाटतें. १९०७ सालच्या 'ने तेमेरे' या हुकुमाप्रमाणें, जो १९०८ च्या पास्काच्या सणापासून अमलांत आला, ज्याचें लग्न झालें त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपुढें तें लग्न लिहावें असें ठरलें. त्यामुळें दुसऱ्या गांवीं जाऊन लग्न केलेल्या मुलाची वार्ताहि पत्रानें मूळच्या देवळांत येऊं लागली. मजकूर पाहिला तर गांव तेथेंच दिसतो. समास पाहिला तर गांव कोठें कोठें गेला तें दिसतें. मुंबई, फाळणीपूर्वींची कराची, नंतर आखाती देश, आणि आतां ऑस्ट्रेलिया व कॅनडा. एका मुलाची नोंद येथें, लग्न तिसऱ्याच खंडांत, आणि समासांतलें तें दोन ओळींचें अक्षर हा त्या दोहोंमधला एकच दुवा.

मरणाचें पुस्तक उघडण्यास लोक कचरतात. परंतु १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला त्यानंतरचीं वर्षें आणि १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाचे महिने ज्या पुस्तकांत शिल्लक आहेत, तें पुस्तक एकदां तरी पाहावें. एरवीं सावकाश, वळणदार लिहिणारा विगार त्या पानांवर घाई करतो. ओळी जवळ जवळ येतात. एका घराचीं दोन नांवें, तीन नांवें एका खालीं एक. मग कांहीं दिवस हस्ताक्षरच दुसरें. तेथें शोकाचा एकहि शब्द नाहीं. तशी जागाच त्या सांच्यांत नाहीं. हीं पानें वाचल्यावर गांवाच्या वेशीवरच्या क्रुसाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलेल. त्या क्रुसांवर वर्षानुवर्षें सणाच्या आदल्या दिवशीं तेलरंग चढवून आपण भक्तीनें अक्षरें बुजवून टाकिलीं आहेत. सकाळीं ऊन तिरपें असतें तेव्हां उभे राहून पाहिलें तर आंकडा अद्याप दिसतो. रंग खरवडूं मात्र नये. दगडाची कड त्याबरोबर निघते. फोटो काढावा, तोहि त्याच वेळीं.

आतां एक नाजूक गोष्ट. या पुस्तकांत सर्वच कांहीं गोड नाहीं. कोठें 'पिता अज्ञात' असें लिहिलेलें आहे. कोठें लग्नाची तारीख व पहिल्या मुलाची तारीख यांत अंतर कमी आहे. अशी एक नोंद पुसतां येईल काय, असें एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें. नोंद त्यांच्या पणजीची होती. आम्हीं नाहीं म्हटलें. जें लिहिलें तें पुसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण तें चवाठ्यावर वाचून दाखविण्याचाहि नाहीं. म्हणूनच पुस्तकें सर्वांच्या हातीं चाळण्यास देत नाहीं, ज्याच्या त्याच्या घराची नोंद शोधून देतों. यांत कोणास आमचा ताठा वाटतो, तो वाटो. त्या पणजीनें बाळास देवळांत आणलें, विगारानें तें पाण्यापाशीं घेतलें, गांवांतलीं दोन माणसें धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभीं राहिलीं, हेंहि त्याच नोंदींत आहे; आणि तें त्या गृहस्थांस वाचून दाखविल्यावर ते बराच वेळ बसून राहिले.

उलट प्रकारचेहि लोक येतात. त्यांस आपलें मूळ अमक्या थोर घराण्यांत सांपडावयास हवें असतें. पुस्तक तसें कांहीं म्हणत नाहीं, हें ऐकून ते पुस्तकावर रागावतात.

आमच्या देवळांतलें कपाट म्हणजेच सर्व दफ्तर, असें मात्र समजूं नये. वसईच्या धर्मग्रामांचा कारभार वेळोवेळीं निरनिराळ्या हातीं होता. फार काळ तो गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. १८८६ च्या करारानंतर दमण येथें नवीन धर्मप्रांत झाला त्यांत वसई गेली. १९२८ सालीं तो मोडून आपण मुंबईस जोडले गेलों. आणि २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जेथें जेथें कारभार गेला तेथें तेथें कांहीं कागद गेले. म्हणून पणजोबांच्या काळचा एखादा अर्ज किंवा देवळाचा हिशेब गोव्यांत असूं शकतो. पणजी येथील सरकारी पुराभिलेखागाराचा उगम तर १५९५ सालीं दियोगु दो कोतु या इतिहासकाराकडे सोंपविलेल्या दफ्तरांत आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणें आपल्या देवळांतील लग्नांचे तक्ते दर तिमाहीस सरकारकडे पाठविण्याची तरतूद आहे. येथील पान वाळवीनें खाल्लें तर तो तक्ता शोधून पाहावा. निराश होऊन परत फिरूं नये.

वाळवीचें नांव निघालें म्हणून सांगतों. समुद्रकांठची दमट हवा, वाळवी आणि कसर हे तीन शत्रु सर्वांस दिसतात. चौथा शत्रु शाईंतच असतो. जुनी शाई मायफळ व हिराकस यांची केलेली. ती काळाबरोबर कागद जाळते, आणि अक्षराच्या जागीं अक्षराच्याच आकाराचें भोंक उरतें. पांचवा शत्रु म्हणजे आमच्यासारखा उत्साही मनुष्य. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावणें, जुना दस्त प्लॅस्टिकमध्यें घालून गरम यंत्रांतून काढणें, हीं कामें प्रेमानें केलीं जातात आणि त्यांनीं कागदाचा घात होतो. चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून आंत उतरतो. प्लॅस्टिक एकदां बसलें कीं कागद फाडल्याशिवाय निघत नाहीं. पेशव्यांच्या कारकुनांचा रुमाल अजूनहि उत्तम. धुतलेल्या सुती कापडांत सैल बांधावें, भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावें आणि पावसाळा सरल्यावर सांवलींत उघडून पाहावें.

परंतु खरें सांगावयाचें तर, पावसाळ्यापेक्षां लग्नसराईनें आपले कागद जास्त खाल्ले आहेत. घरांत लग्न ठरलें कीं रंगकाम निघतें, रंगकाम निघालें कीं माळा रिकामा होतो, आणि माळ्यावरचा पेटारा रद्दीवाल्याच्या तराजूंत जातो. कौलारू घर पाडून नवें बांधतांना तर विचारूंच नका. त्या पेटाऱ्यांत काय असतें? पानांच्या व केळ्यांच्या व्यापाराच्या वह्या, वखारीच्या पावत्या, बावखलाच्या हिश्शाचा कागद, कराचीहून आलेलीं पत्रें, आजोबांचें प्रार्थनेचें पुस्तक ज्याच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या असतात, आजीचें लाल लुगडें. रद्दींत त्यांची किंमत एका चहाची. आणि त्या केळ्यांच्या वहींत गांवाची अशी माहिती असते जी कोणत्याहि विगारानें कधीं लिहिली नाहीं: सुकेळीस कोणत्या सालीं काय भाव आला, कोणीं कोणाची उधारी माफ केली.

घराच्या पेटाऱ्याचें सामर्थ्य किती असतें याचें एक उदाहरण आपल्या भाषेच्या इतिहासांत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हा छापलें. तीनदां छापलेल्या या ग्रंथाची त्या छापांतली एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? लोकांनीं हातानें नकला करून त्या जपून ठेविल्या. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो रोमन लिपींत छापला. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित लंडन येथें मार्सडन यांच्या संग्रहांत निघालें, आणि १९५६ सालीं बंडेलू यांनीं पुण्यास ग्रंथ देवनागरींत प्रसिद्ध केला. छापखान्याचें काम नाहींसें झालें, आणि कोणा अनामिक माणसानें दिव्यापुढें बसून केलेली नक्कल उरली.

आतां या स्मरणिकेविषयीं, संपादकांची क्षमा मागून. अशा पुस्तिका आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. आरंभीं आशीर्वचनें, मग विगारांचे फोटो, मग देणगीदारांचे, मग जाहिराती. शेंपन्नास वर्षांनीं ही पुस्तिका उघडणाऱ्यास विगार ओळखतां येतील. वेदीवर फुलें मांडणारी बाई ओळखतां येणार नाहीं. जो एकच समूहाचा फोटो छापतात त्याखालीं 'गांवकरी मंडळी' असें लिहून मोकळे होतात. पुढल्या पिढीस त्या मंडळींतलें आपलें माणूस कोणतें हें कोणी सांगावें? शेजारच्या देवळाहून आपलें देऊळ किती वर्षांनीं जुनें, या वादांत आपण जितका वेळ घालवितों त्याच्या दहाव्या हिश्शांत त्या फोटोखालीं नांवें लिहून होतील.

आपल्या समितीपुढें शिल्लक रकमेविषयीं दोन सूचना आहेत: एक प्रवेशद्वारावर कमान बांधावी, दुसरी दफ्तरासाठीं लोखंडी कपाट घेऊन सर्व पुस्तकांची व कागदांची यादी करवावी. निर्णय आपल्या सभेनें करावयाचा आहे आणि तो आम्ही मानूं. आमचें मत लपविण्याचें कारण नाहीं. आम्ही कपाटाच्या बाजूचे आहों. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें धर्मग्रामाच्या दफ्तराची यादी दोन प्रतींत असावी, एक येथें व एक धर्मप्रांताच्या दफ्तरांत. आणि जुनीं पुस्तकेंहि काळजीपूर्वक राखावीं असें तींत स्पष्ट सांगितलें आहे. कमान रस्तारुंदींत जाऊं शकते.

आणि आपल्या घरच्या वस्तु देवळास अर्पण करा असें आम्ही सांगत नाहीं. उलट, करूं नका असेंच सांगतों. विगार बदलतात. एकास जुन्या वस्तूंची आवड असते, दुसऱ्यास साफसफाईची. मूळ वस्तु आपल्या घरीं, आपल्या माणसांत राहावी. देवळांत तिची नक्कल व तिच्याविषयींचा मजकूर राहावा. ज्यांच्यामागें संभाळणारें कोणी नाहीं, मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं मात्र ती कोणाकडे जावी हें हयातींत कागदावर लिहून ठेवावें. मोबाईलमध्यें फोटो आहे एवढ्यावर विसंबूं नये; त्या यंत्राचें आयुष्य आजोबांच्या प्रार्थनापुस्तकाच्या मानानें फार थोडें.

फोटोच्या मागें लिहितांना पेन वापरूं नये, शाई पुढें उमटते. मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें लिहावें. डावीकडून उजवीकडे नांवें, घराचें जुनें नांव, प्रसंग आणि साल. साल नक्की नसेल तर 'मोठ्या मुलीच्या लग्नाआधीं' असें लिहिलें तरी चालेल. लग्नाची तारीख आम्ही पुस्तकांतून काढूं. बायकांचीं नांवें त्यांचीं स्वतःचीं लिहावीं, अमक्याची बायको म्हणून नव्हे, आणि माहेरचा गांवहि लिहावा. लग्नांतलीं गाणीं ज्या वृद्ध स्त्रियांस येतात, मग तीं सामवेदी बोलींतलीं असोत, वाडवळींतलीं असोत कीं कोळी बोलींतलीं, त्यांनीं तीं म्हणून दाखवावीं. ध्वनिमुद्रण करण्याची सोय केली आहे. आवाज बसला आहे, सूर लागत नाहीं, या सबबी चालणार नाहींत.

पुढील रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर साक्रिस्तीशेजारच्या खोलींत शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलें बसतील. त्यांनीं जुन्या नोंदी वाचण्याचा सराव केला आहे आणि साताच्या आंकड्यानें तीं आतां फसत नाहींत. आणलेल्या वस्तूचा फोटो काढून, मजकूर लिहून घेऊन वस्तु तेथल्या तेथें परत देण्यांत येईल. चौकटींतला फोटो काढण्याचा खटाटोप घरीं करूं नये, चौकटीसकट आणावा. ज्यांस चालवत नाहीं त्यांचीं नांवें शिक्षकांपाशीं द्यावीं. मुलें घरीं येतील, आणि त्यांस दुपारच्या झोपेची वेळ सोडून कोणतीहि वेळ चालेल. पेन्सिली येथें ठेविलेल्या आहेत.